मुक्काम साकोली

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई प्रवासाला निघताना पिशवीत एक बल्ब घेऊन निघायच्या. साधाच, पांढऱ्या उजेडाचा, जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला. लॉजच्या खोलीत शिरलं की आधी खुर्चीवर चढून तिथला मिणमिणता बल्ब उतरवायच्या आणि आपला लावायच्या. बूट नंतर काढायच्या. निघायच्या दिवशी पुन्हा अदलाबदल. "लॉजवाल्याले वाटते लोकायले खोलीत फक्त झोपाचं असते," त्या म्हणायच्या. "एखादीले वाचाचं असलं त?"

त्याच पिशवीत स्वतःचं कुलूप असायचं, कपडे वाळवायची दोरी, दाराखाली ठोकायला लाकडाची पाचर आणि तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा. बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत असेल हे त्यांच्या गावीही नसायचं. वर्गात इतकं पुस्तकी मराठी बोलायच्या की मुली त्यांना पुण्याच्या समजत. घंटा झाली, खडू खाली ठेवला, की जीभ नागपूरची. लग्न केलं नव्हतं. स्कूटी शिकल्या नव्हत्या. कोणी गाडीतून सोडतो म्हटलं तर विचारायच्या, "जाताना सोडसान, येताना कोण आणीन?" समोरचा विचारात पडला की त्या चालायला लागायच्या.

मी त्या शाळेत मराठी शिकवते. बाईंची नि माझी खरी ओळख झाली ती सहामाहीच्या पेपरांच्या ढिगाऱ्यात. स्टाफरूममध्ये आम्ही चौघी होतो. बाई, मी, विज्ञान शिकवणारी सुनंदा आणि चित्रकलेच्या मॅडम. दिवाळीत कोण कुठे गेलं होतं त्याचं बोलणं निघालं. सुनंदा म्हणाली, "आमच्या गाडीत पुढे सासरे बसतात. मागे दोन्हीकडून पोरं, मधात मी. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी सारा महाराष्ट्र दोन डोक्यांच्या फटीतून पाह्यला."

आम्ही हसलो. माझ्याही घरी गाडी होती, म्हणजे माझ्या नवऱ्याची होती. चहाला कुठे थांबायचं, बाथरूमला कुठे, हे तोच ठरवायचा. वाईट माणूस नाही तो. पण त्याला तहान लागली की सगळ्यांना लागायची.

बाईंनी पेपरातून मान वर केली नाही. "मंग चला," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"ते मागून पाहू. आधी सांगा, घरून फोन आला त किती तासात पोचलं पाहिजे?"

असा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. मी म्हटलं तीन तास. सुनंदाही म्हणाली तीन. चित्रकलेच्या मॅडमनी जरा विचार करून तीनच सांगितले. बाईंनी एका कोऱ्या कागदावर मध्ये नागपूर मांडलं आणि भोवती एक रेघ ओढली. ती गोल नव्हती. वर्ध्याकडे, अमरावतीकडे लांब गेलेली, गडचिरोलीकडे आत दबलेली, पोचा पडलेल्या पातेल्यासारखी. "हे किलोमीटर नाहीत, तास आहेत," त्या म्हणाल्या. "बसचे तास. याच्या आत कुठीबी जाऊ. नाताळच्या सुट्टीत, तीन रात्री."

सुनंदाला नवेगावचा तलाव पाहायचा होता. तिचं म्हणणं, तलावाच्या काठीच राहू, सकाळी उठलं की पाणी. मला बाजार पाहायचा होता, धानाचा मुलूख पाहायचा होता. चित्रकलेच्या मॅडमना नुसतं बसायचं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर एक टिंब दिलं.

"साकोली."

"साकोलीत काय आहे?" सुनंदानं विचारलं.

"स्टँड आहे."

आम्ही इतक्या हसलो की शिपाई डोकावून गेला. बाई मात्र हसल्या नाहीत. "हसा. तलावापाशी राहिल्या त जी गाडी येईल तिच्या मागं पळत राहसान. गाडी चुकली की दिवस गेला. साकोलीले हायवे आहे. नागपूरची गाडी येते, गोंदियाची येते, लाखांदूरची येते, नवेगावची येते. सकाळी उठाचं, जिकडं मन झालं तिकडं जाचं, संध्याकाळी त्याच खोलीत याचं. सुंदर गाव दिवसा पाहाचं असते वं. झोपाले सोयीचं गाव पाहिजे."

दोन आठवड्यांनी एका रविवारी बाई ते गाव तपासायला निघाल्या, तेव्हा मी सोबत गेले. घरी शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं होतं. त्यात अगदीच खोटं नव्हतं. बाईंसोबत जाणं म्हणजे परीक्षेला जाण्यासारखंच होतं, फक्त परीक्षा गावाची.

साकोलीच्या स्टँडवर उतरल्यावर त्या एका बाकावर बसल्या आणि दोन तास उठल्या नाहीत. मांडीवर चौकटीची वही. गाडी आली की पाटी वाचायची, वेळ टिपायची. मी कंटाळून पेरू घेतले, तर म्हणाल्या, "घेतले ना? आता तिलेच विचार, शेवटची नागपूर किती वाजता. खिडकीतल्या माणसाले वेळापत्रक माहीत असते. पेरूवालीले गाडी माहीत असते." पेरूवालीनं सांगितलेली वेळ आणि पाटीवरची वेळ यांत चाळीस मिनिटांचा फरक निघाला. बाईंनी पेरूवालीची लिहून घेतली. मग त्या बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन आल्या, कडी लागते का, नळाला पाणी आहे का ते पाहून. वहीत तेही टिपलं.

पहिल्या लॉजवर काउंटरमागे एक तरुण मॅनेजर होता. बाईंनी चार पलंगांची खोली मागितली.

"सोबत जेन्ट्स कोण आहे, मॅडम?"

"कोणी नाही."

"मग नाही जमणार. लेडीज एकट्या नाही ठेवत आम्ही."

"चौघी आहोत भाऊ. एकट्या कशा?"

"जेन्ट्स नसले म्हणजे एकट्याच ना."

मला वाटलं बाई आता सोडणार नाहीत. पण त्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, वर्गात चुकलेल्या मुलीकडे पाहायच्या तसं, आणि म्हणाल्या, "चारले हा एक म्हणते. याच्या हिशेबात पडाचं नाही आपण." बाहेर आल्यावर मात्र त्या पायरीवर थांबल्या. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. तेव्हा मला कळलं की हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं, आणि सवय काही झालेली नव्हती.

दुसरी जागा स्टँडपासून सात मिनिटांवर सापडली. खाली खानावळ, वर तीन खोल्या. खानावळ चालवणारी बाई भाकरी थापत होती. "चौघी का? या ना," ती म्हणाली. तिनं जेन्ट्सचं नाव काढलं नाही. बाईंनी गरम पाण्याची वेळ विचारली, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, खिडकीची कडी लावून पाहिली. वरच्या बल्बकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. तेवढं आपलं आपण पाहू, असा त्याचा अर्थ.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही शिकल्या कुठं?"

वैनगंगेचा पूल येईपर्यंत त्या वहीतल्या वेळा पुन्हा तपासत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्या आईले अर्धांग झाला तवा मी चौतीस वर्षांची होती. रविवारी एक बाई याची तिच्यापाशी. सकाळी सातले याची, संध्याकाळी सातले जाची. त्यावर एक मिनिट थांबत नव्हती. तिचंही घर होतं ना. मंग मी पाहून घेतलं, सातच्या आत कुठून कुठून परत येता येते. एक रविवार भंडारा, एक रविवार पवनी, एक रविवार उमरेड. सतरा वर्षं."

"एकदाही चुकलं नाही?"

"एकदा चुकलं. रामटेकहून. त्या बाईनं दाराले कुलूप लावलं नि गेली. मी येऊन दार उघडलं त आई जागीच. म्हणे, मले वाटलं तू नाहीच येत आता." बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "ते तोंड मले पाहाचं नाही पुन्हा. म्हणून मी पहिली गाडी कोणालेच विचारत नाही. शेवटची विचारते."

"पण आई गेल्यावर? मग तर कुठंही जाता आलं असतं."

"गेली ना मी. काश्मीरले गेली, टूरवाल्यासोबत. रोज नवीन हॉटेल, रोज ब्याग उचल, ब्याग ठेव. तिसऱ्या दिवशी अंधारात उठली त समजेच ना, दरवाजा कोणत्या हाताले आहे. भिंत चाचपत उभी राहिली मी. आठ दिवसात आठ दरवाजे पाह्यले, काश्मीर नाही पाह्यलं." मग त्या एकदम हसल्या. "सफरचंद चांगली होती बाकी."

नाताळच्या सुट्टीत आम्ही गेलो. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत घरी वाद चालला. नवरा म्हणत होता, मीच तुम्हाला चौघींना गाडीनं नेतो ना. त्याला खरंच वाटत होतं की तो मदत करतोय. माझ्या सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "परत कवा येतं?" मी दिवस आणि वेळ सांगितली, तर मान हलवून आत गेल्या.

पहिल्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. सुनंदा बसमध्ये खिडकीशी बसली आणि तासभर बाहेर पाहत होती. धान कापून झालं होतं, बांधावर पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, मधल्या वाफ्यांत लाखोळीच्या डाळीची हिरवी कोवळी रोपं. तलावाशी पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पाण्यावर बदकं होती. चित्रकलेच्या मॅडम वही उघडून एका दगडावर बसल्या त्या दुपारपर्यंत तिथेच होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांना कोणी चला म्हटलं नाही. आम्ही त्यांना तिथे सोडून फिरून आलो. संध्याकाळी त्याच खोलीत, बाईंच्या पांढऱ्या बल्बखाली. दोरीवर सकाळचे रुमाल वाळलेले. खालून भाकरीचा वास. सुनंदा पलंगावर पाय पसरून म्हणाली, "इथं आपली वस्तू ठेवलेल्या जागी सापडते वं."

दुसऱ्या दिवशी लाखनीला बाजार होता. मी जवस पाहत उभी असताना नवऱ्याचा फोन आला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या.

"लागलं का खूप?"

"पाय सुजला आहे. डॉक्टरकडे नेऊन राहिलो. तू ये." आणि जरा थांबून, "मी म्हटलं होतं ना."

ते शेवटचं वाक्य नसतं तर कदाचित मी इतकी रडले नसते. बाजाराच्या मधोमध, जवसाच्या ढिगासमोर. सुनंदा म्हणाली, तो मुद्दाम बोलावतो आहे, जाऊ नको. चित्रकलेच्या मॅडम म्हणाल्या, आपण सगळ्याच परत जाऊ. मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या आता काहीतरी ठरवून देतील.

"त्या पडल्या हे खरं आहे ना?" बाईंनी विचारलं.

"खरं असेल."

"मंग तुह्या जिवाले काय वाटते ते पाहा. राहाचं असलं त राह्य. जाचं असलं त दीड वाजताची गाडी इथूनच भेटते, चारच्या आसपास घरी. आम्ही कोणी येत नाही तुह्यासोबत. तिघी परत आल्या त उद्या तुले परत याले जागा नाही राहाची."

त्या क्षणी मला ते फार कोरडं वाटलं. बसमध्ये बसले तेव्हा मी बाईंवर चिडलेलीच होते. सामानही त्यांनी घेऊ दिलं नाही. साकोलीच्या खोलीतच राहू दे म्हणाल्या.

घरी पोचले. सासूबाईंचा घोटा मुरगळला होता, हाड शाबूत होतं. पाय उशीवर ठेवून त्या टीव्ही पाहत होत्या. मला पाहून नवऱ्याचा चेहरा उतरला. मी खरंच इतक्या लवकर येईन असं त्याला वाटलं नव्हतं. मी स्वयंपाक केला, पाय शेकला. निजायच्या आधी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"तुह्या मैत्रिणी आल्या का परत?"

"नाही. तिथंच आहेत."

"अन् तुहा पलंग?"

"तो पण तिथंच आहे."

"मंग इथी काय करून राहिली?" त्या म्हणाल्या. "पाय माहा मुरगळला, तुहा नाही. सकाळची गाडी किती वाजता आहे?"

मी सांगितली. मला ती पाठ होती, हे मला तेव्हाच कळलं. सकाळी नवऱ्यानं मला गणेशपेठच्या स्टँडवर सोडलं. वाटेत एकच वाक्य बोलला, "काल मी तसं नव्हतं बोलाले पाहिजे." मी हो म्हटलं.

साडेनऊला साकोलीत उतरले. खानावळीत तिघी नाश्त्याला बसलेल्या. सुनंदानं किंचाळून मला मिठी मारली. बाईंनी फक्त समोरचं ताट माझ्याकडे सरकवलं. "सासूबाई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ऐकताना त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले, पण तोवर त्या उठून चहा सांगायला गेल्या होत्या. खानावळवालीनं नंतर मला सांगितलं, आदल्या दिवशी नागपूरहून आलेलं एक कुटुंब चौथ्या पलंगासाठी मागे लागलं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माणूस आहे त्यावर, बाहेर गेलं आहे.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही दर हिवाळ्यात गेलो. तुमसर, वरोरा, ब्रह्मपुरी. ज्या गावांचं नाव काढलं की लोक विचारतात तिथे काय आहे, अशी सगळी. दोन वेळा पुन्हा साकोली.

मग बाई निवृत्त झाल्या. गुडघे गेले होते. त्या भाड्यानं राहत ते घर मालकाला पाडून तिथे इमारत बांधायची होती. त्यांचा भाचा पुण्याला असतो, बहिणीचा मुलगा. त्यानं त्यांना नेलं. पंधरा दिवसांनी बाई परत आल्या आणि महिन्याभरात साकोलीत स्टँडमागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन राहायला गेल्या.

भाच्याचा मला फोन आला. आवाज भल्या माणसाचा होता. "मावशीचं डोकं फिरलं आहे का? तिथं तिचं कोण आहे? ती तुमचं ऐकते. तुम्ही समजावून सांगा."

मलाही ते पटलं होतं. मी त्यांना समजवायलाच गेले. एकटी, बसनं. बाई दारात उभ्या होत्या, एक हात भिंतीवर. चहा झाला. मी भाच्याचं सगळं बोलणं सांगितलं. रात्री-बेरात्री काही झालं तर काय, हेही सांगितलं.

"पोरगा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "सून चांगली आहे. पण अकराव्या मजल्यावर घर. खाली उतरलं त गेटापर्यंत अर्धा किलोमीटर, अन् गेटापाशी काहीच नाही. भाजीले गाडी, डॉक्टरले गाडी, देवळाले गाडी. शनिवारी त्याले सुट्टी असते, तवा मले फिरवाचा. सोमवार ते शुक्रवार मी सामानावानी ठेवलेली. इथी डॉक्टर याच गल्लीत आहे. खानावळवालीपाशी माह्या घराची किल्ली आहे. भंडाऱ्याले तास लागते, नागपूरले अडीच."

"पण भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "काहून नाही वाटणार? गुडघा अडकते, तवा मी पाच-पाच मिनिटं त्या मोरीपाशी उभी राहते. भीती तिथंही वाटत होती. पण तिथं भीती वाटली त गाडीची वाट पाहा लागे."

मला सगळं पटलं असं नाही. आजही एखाद्या सकाळी त्यांनी फोन उचलला नाही तर मी खानावळवालीला फोन लावते. पण त्या दिवशी मी पिशवी उचलली. निघताना बाई स्टँडपर्यंत आल्या. सात-आठ ठिकाणी थांबत. वाटेत चार जणांनी त्यांना गाडीची वेळ विचारली. मला त्यांनी खिडकीशी बसवलं आणि गाडी हलेपर्यंत भाच्यासाठी निरोप दिला. तो निरोप दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला, पाढ्यासारखा.

लाखनी गेल्यावर मी त्याला फोन लावला.

"काय म्हणाली मावशी? येते का?"

"नाही."

"मग मी काय करू?" तो म्हणाला. "आई गेल्यापासून माझी तीच एक आहे. मी काय करावं अशी तिची अपेक्षा आहे?"

"त्या म्हणाल्या, तू ये. विमानानं नको, गाडी भाड्यानं करून नको. पुण्याहून गोंदियाला जाणारी रेल्वे आहे, तिच्यात बस. नागपूर आलं तरी उतरायचं नाही. भंडारा रोडला उतरायचं. तिथून रिक्षानं स्टँड…"

"एक मिनिट, एक मिनिट," तो म्हणाला. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा, कोणाला तरी पेन मागितल्याचा. मग तो परत फोनवर आला.

"हं. भंडारा रोड," तो म्हणाला. "पुढे?"